लिलावघरातला सलाम

आमच्या घरी टीव्हीचा आवाज कमी करण्याची एक ठरलेली वेळ होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोहल्ल्यातल्या केबलवाल्याकडे इतर वाहिन्यांसोबत पीटीव्ही, म्हणजे पाकिस्तानचं सरकारी टीव्ही चॅनल दिसायचं. अब्बा उर्दू शाळेत शिक्षक. त्यांना त्यावरच्या बातम्यांत रस नव्हता. मालिका अम्मी बघायची. अब्बा बघायचे ते फक्त तारिक अजीज यांना. उंच, भारदस्त आवाजाचा माणूस मंचावर यायचा, रब्बे-जलीलचं नाव घ्यायचा आणि मग ‘देखती आँखों, सुनते कानों’ला आपला सलाम पोहोचवायचा. पुढचा वेळ प्रश्न, उत्तरं, हशा, बैतबाजी. आणि कार्यक्रम संपायला आला की हात उंचावून तो ‘पाकिस्तान’ म्हणायचा, सगळं सभागृह ‘जिंदाबाद’ म्हणायचं. त्याच्या जरा आधी अब्बा उठायचे आणि आवाज अगदी बारीक करायचे. आमची खिडकी रस्त्यावर उघडायची.

त्यांनी याचं कारण कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या घरांत अशा गोष्टी न सांगता कळतात.

१९९९ मध्ये कारगिलचं युद्ध पेटलं. भारत सरकारने केबलवर पीटीव्ही दाखवायला बंदी घातली. केबलवाल्याने त्या जागी दुसरं काहीतरी लावलं. तारिक अजीज आमच्या घरातून गेले ते गेलेच. अनेक वर्षांनी, १७ जून २०२० रोजी लाहोरमध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते वारल्याची बातमी मोबाइलवर वाचली, तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते. अब्बांना सांगितलं. ‘इन्ना लिल्लाह’ म्हणाले आणि पुढचं वाक्य असं की मी हा माणूस शोधायला बसलो. ते म्हणाले, ‘आदमी बड़ा था, पर भीड़ का आदमी था.’

भीड़ का आदमी. जमावाचा माणूस. मनोरंजनाच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक म्हणजे दुसरं असतो तरी कोण? बोलता येणारे पुष्कळ असतात. हजार माणसं समोर बसवून त्यांना हवं तेव्हा हसवणं, हवं तेव्हा गप्प करणं, हवं तेव्हा त्यांच्याकडून घोषणा वदवून घेणं ही वेगळी विद्या आहे. तारिक अजीज यांचं आयुष्य म्हणजे या विद्येचा पन्नास-साठ वर्षांचा प्रवास, आणि तो फक्त स्टुडिओत झालेला नाही.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९३६ चा, जालंधरचा. या एका शहराने पाकिस्तानला किती माणसं दिली पाहा. राष्ट्रगीत लिहिणारे हफीज जालंधरी इथले, लष्करशहा झिया-उल-हक इथले आणि टीव्हीचा पहिला चेहराही इथलाच. वडील मियाँ अब्दुल अजीज आपल्या नावापुढे ‘पाकिस्तानी’ लावत. १९४७ मध्ये कुटुंब जालंधर सोडून साहीवालला आलं. त्या शहराचं तेव्हाचं नाव इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलेलं माँटगोमरी. उर्दू कवितेत हे गाव मजीद अमजद यांचं म्हणून ओळखलं जातं. अन्नखात्यात नोकरी करणारा हा अबोल कवी तिथेच राहिला आणि तिथेच वारला. निर्वासितांच्या, शायरांच्या या गावात तारिक अजीज वाढले. पुढे त्यांनी स्वतः पंजाबीत कविता लिहिल्या. ‘हमजाद दा दुख’ हा त्यांचा संग्रह. मंचावर गरजणारा हा माणूस कागदावर इतका एकटा असेल, हे त्या नावावरूनच कळतं. हमजाद म्हणजे माणसासोबत जन्मणारा त्याचा अदृश्य जोडीदार.

तरुणपणी ते लाहोरला आले. खिसा रिकामा, फुटपाथवरचे दिवस. आपल्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं तेही ‘फुटपाथ से पार्लमेंट तक’. रेडिओ पाकिस्तानच्या लाहोर केंद्रावर काम मिळालं. तिथून नशिबाने उडी घेतली ती २६ नोव्हेंबर १९६४ रोजी. त्या दिवशी जनरल अयूब खान यांच्या हस्ते लाहोरमध्ये पाकिस्तानातलं पहिलं टीव्ही केंद्र सुरू झालं. जपानी कंपनीची यंत्रसामग्री, कृष्णधवल चित्र. महिन्याभरात, २५ डिसेंबरला, दुसरं केंद्र ढाक्यात सुरू झालं. लाहोरच्या त्या पहिल्या प्रसारणात पडद्यावर दिसलेला पहिला पुरुष चेहरा तारिक अजीज यांचा. निवेदिका होत्या कंवल नसीर. आपल्याकडे दिल्लीत दूरदर्शनचे प्रयोग १९५९ पासून चालू होते, पण मुंबईला केंद्र यायला १९७२ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे लाहोर मुंबईच्या आठ वर्षं पुढे होतं. हे सांगितलं की आपल्याकडे काही लोकांना राग येतो. का ते मला समजत नाही.

मग सिनेमा. १९६७ चा ‘इन्सानियत’, १९६९ चा ‘सालगिरह’, पुढे ‘हार गया इन्सान’. चेहरा चांगला होता, आवाज तर होताच, पण नायक म्हणून ते फार चालले नाहीत. कारण मला वाटतं साधं आहे. कॅमेऱ्यासमोर त्यांना माणसं लागत. सिनेमाच्या सेटवर टाळ्या नसतात.

माणसं त्यांना दुसरीकडे मिळाली. १९७० ची निवडणूक ही पाकिस्तानातली पहिली खरी सार्वत्रिक निवडणूक. झुल्फिकार अली भुट्टो रोटी, कपडा और मकानची हाक देत पंजाब पिंजून काढत होते. डाव्या विचारांचे तारिक अजीज त्यांच्या सभांत सामील झाले. भुट्टो मंचावर येण्याआधी गर्दी तापवायची असते, आणि ते काम करण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा समोर घोषणा देतोय, हे पाहायलाच माणसं जमत असतील.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, भुट्टो सत्तेवर असतानाच, ‘नीलाम घर’ सुरू झालं. नीलाम म्हणजे आपला लिलाव. आपला ‘लिलाव’ आणि उर्दूचा ‘नीलाम’ दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तर या लिलावघरात काय असायचं? प्रेक्षकांतून कुणालाही उठवायचं, प्रश्न विचारायचा. इतिहास, भूगोल, दीनियात, कुठल्या शेराचा शायर कोण. बरोबर आलं की बक्षीस. बक्षिसं घरात लागणाऱ्या वस्तूंची. त्यातला पाण्याचा कूलर इतका गाजला की पाकिस्तानात त्या पिढीच्या माणसासमोर तारिक अजीज म्हटलं की आधी कूलर आठवतो. कधी नवराबायकोची गंमत, कधी कुणाला गाढवासारखं ओरडायला लावणं, असलाही मालमसाला होता. सगळंच काही अभिरुचीचं नव्हतं. अब्बांना त्यातलं बरंचसं आवडायचं नाही. ते थांबायचे बैतबाजीसाठी. कॉलेजच्या दोन चमू समोरासमोर. एकाने शेर म्हणायचा, तो ज्या अक्षरावर संपेल त्यावरून दुसऱ्याने सुरू करायचा. आपल्या अंताक्षरीची ही थोरली बहीण. पण इथे सिनेमाची गाणी नाहीत, मीर, गालिब, इक्बाल, फैज. शेर चुकला, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, की तारिक अजीज तिथल्या तिथे दुरुस्त करत. अब्बा तोच शेर त्यांच्या आधी दुरुस्त करत आणि आमच्याकडे बघत. शाळेत त्यांच्या वर्गातली पटसंख्या दरवर्षी घटत होती. उर्दू शिकून काय करणार, हे पालक त्यांना तोंडावर विचारत. आणि इथे पडद्यावर एका शेरावर भरलेलं सभागृह टाळ्या वाजवत होतं. ते खिडकीकडे लक्ष ठेवून टीव्ही का बघत होते, हे मला आता जरा कळतं.

ज्यांच्यासाठी तारिक अजीज यांनी गर्दी तापवली त्या भुट्टोंना ५ जुलै १९७७ रोजी झियांनी पदच्युत केलं आणि ४ एप्रिल १९७९ रोजी फाशी दिली. नीलाम घर मात्र झियांच्या काळातही पीटीव्हीवर होतंच. कार्यक्रम सरकारी, पगार सरकारी. याच काळात टीव्हीवर येणाऱ्या स्त्रियांनी डोक्यावर दुपट्टा घ्यावा असा हुकूम निघाला. ‘फरोजाँ’ कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिका मेहताब चन्ना यांनी तो मानला नाही आणि कार्यक्रम सोडला. तारिक अजीज यांच्यावर अशी वेळ आली नाही. पुरुष असल्याचा हा फायदा. पण कालचा समाजवादी घोषणाबाज आणि आजचा लष्करशहाच्या टीव्हीचा लाडका, हे अंतर त्यांनी फार आवाज न करता पार केलं, हेही लिहून ठेवायला हवं. १९९२ मध्ये त्यांना सरकारचा ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये कार्यक्रमाचं नाव ‘तारिक अजीज शो’ झालं, आणि २००६ पासून ‘बज्मे तारिक अजीज’. आमच्या घरात शेवटपर्यंत त्याला नीलाम घरच म्हणत.

१९९७ मध्येच आणखी दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारीत ते नवाज शरीफ यांच्या मुस्लिम लीगच्या तिकिटावर लाहोरमधून राष्ट्रीय असेंब्लीवर निवडून आले. ज्या उमेदवाराला त्यांनी मोठ्या फरकाने हरवलं त्याचं नाव इम्रान खान. विश्वचषक जिंकून पाचच वर्षं झालेली, पण मतदारांनी कप्तानाला नाकारून कूलरवाल्याला संसदेत पाठवलं. फुटपाथ ते पार्लमेंट हा प्रवास पूर्ण झाला.

दुसरी गोष्ट २८ नोव्हेंबरची. इस्लामाबादच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश सज्जाद अली शाह यांच्यासमोर पंतप्रधान नवाज शरीफ यांच्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण चाललं होतं. सत्ताधारी पक्षाचा जमाव घोषणा देत न्यायालयाच्या इमारतीत घुसला. न्यायाधीशांना कामकाज सोडून उठावं लागलं. जगात फार थोड्या देशांच्या सर्वोच्च न्यायालयावर असा प्रसंग आला असेल. त्या जमावात निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते आणि त्यांत तारिक अजीज होते. इमारतीतल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. ज्याचा चेहरा देशाने टीव्हीवर सर्वांत आधी पाहिला, त्याला ओळखायला न्यायालयाला वेळ लागणार नव्हता. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आणि इतर काही जणांना दोषी धरून तुरुंगवासाची शिक्षा दिली. दोषींमध्ये हॉकीचे नामवंत खेळाडू अख्तर रसूलही होते.

मी ही माहिती वाचली तेव्हा अब्बांचं वाक्य आठवलं. ज्या हाताच्या इशाऱ्यावर सभागृह टाळ्या वाजवत होतं, तोच हात भुट्टोंच्या सभेत होता आणि तोच न्यायालयाच्या दारात. विद्या एकच. पुढे मुशर्रफ आल्यावर ते लीगच्या सरकारधार्जिण्या ‘काफ’ गटात गेले. तिथे राजकारण संपल्यात जमा झालं. ते पुन्हा आपल्या मंचावर आले, वर्तमानपत्रात स्तंभ लिहू लागले. त्यांना मूलबाळ उरलं नव्हतं. आपली सगळी मालमत्ता आपल्यामागे पाकिस्तान सरकारला द्यावी असं त्यांनी जाहीर केलं होतं. नावापुढे ‘पाकिस्तानी’ लावणाऱ्या बापाच्या मुलाने शेवटचा लिलाव स्वतःचाच केला म्हणायचा.

हे इथेच संपवता आलं असतं, पण नीलाम घरचा एक वारस आहे आणि त्याच्याविषयी बोलल्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील.

२००२ मध्ये मुशर्रफ यांच्या काळात पाकिस्तानात खासगी वाहिन्या आल्या. जिओ टीव्ही त्याच वर्षी सुरू झाला आणि त्यावर ‘आलिम ऑनलाइन’ नावाचा कार्यक्रम आला. सूत्रसंचालक कराचीचे आमिर लियाकत हुसेन, वय एकतीस. सुरुवातीचा कार्यक्रम वाईट नव्हता. एक सुन्नी आणि एक शिया आलिम शेजारी बसवून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं घ्यायची, ही कल्पना त्या देशात धाडसाची होती. आमिर लियाकत बोलायला तेज, गळा गोड, नात म्हणायचे तर ऐकत राहावं. त्याच वर्षी ते एमक्यूएमतर्फे असेंब्लीवर गेले, पुढे धार्मिक व्यवहार खात्याचे राज्यमंत्री झाले. २००७ मध्ये ते पद गेलं. इथेही तीच वाट, मंचावरून संसदेत.

मग ७ सप्टेंबर २००८. त्या दिवशीच्या त्यांच्या कार्यक्रमात अहमदियांना ठार मारणं रास्त आहे असं पाहुण्या मौलवींनी सांगितलं. दोन दिवसांच्या आत सिंध प्रांतात दोन अहमदी पुढाऱ्यांचे खून झाले. एक मीरपूरखासचे डॉक्टर होते, दुसरे नवाबशाहचे व्यापारी. या खुनांचा आपल्या कार्यक्रमाशी काही संबंध नाही, असं आमिर लियाकत पुढे म्हणाले. न्यायालयात संबंध सिद्ध झाला नाही, हे खरं. पण जिवंत माणसांच्या मरणाचा मुद्दा चर्चेला ठेवून मधे जाहिरातींची विश्रांती घ्यायची, ही गोष्ट पीटीव्हीच्या काळात घडली नसती. त्या काळातली सेन्सॉरशिप मला प्रिय नाही. तरीही हे म्हणावंसं वाटतं.

आमिर लियाकत यांचं खरं साम्राज्य रमजानचं. इफ्तारच्या आधीपासून रात्री उशिरापर्यंत, महिनाभर, रोज. मंचावर नात, दुआ, मौलवींशी चर्चा, स्वयंपाक, आणि प्रेक्षकांवर मोटारसायकली, मोबाइल, कपड्यांचा पाऊस. रोजा ठेवून आलेल्या बायाबापड्या हात वर करून ‘मला द्या’ म्हणतायत आणि हा माणूस कुणाच्या तोंडात आंबा कोंबतोय, हे दृश्य आपल्याकडेही पुष्कळांनी मोबाइलवर पाहून हसून घेतलं. प्रश्न असत, पण उत्तर यावं अशी सक्ती नसे. तारिक अजीज यांच्याकडे कूलर मिळवायला शेराचा शायर सांगावा लागत असे. इथे गरज दिसली की पुरे होती.

२०१३ च्या जुलैमध्ये, ‘अमान रमजान’ कार्यक्रमात, त्यांनी बक्षिसांच्या त्या मंचावर अपत्य नसलेल्या जोडप्यांच्या हाती टाकून दिलेली तान्ही बाळं दिली. छीपा नावाच्या कराचीच्या सेवाभावी संस्थेला ती सापडली होती. जोडप्यांची निवड संस्थेने आधीच केली होती, पण बाळ आज, इथे, कॅमेऱ्यासमोर मिळणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईबापांच्या डोळ्यांतलं पाणी कॅमेऱ्याला ताजं हवं होतं. बाजू घेणारे म्हणाले, कचऱ्यात मेली असती ती बाळं, घर तर मिळालं. या युक्तिवादाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ज्यांना मूल नाही त्यांनी अनाथाला सांभाळावं, यात दीनच्या दृष्टीने सवाबच आहे. पण सूरह अहजाबमध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सांभाळलेल्या मुलाला त्याच्या बापाच्या नावाने ओळखावं. मुलाची ओळख हा त्याचा हक्क मानला आहे. म्हणूनच पाकिस्तानात दत्तकाचा कायदा नाही, १८९० चा पालकत्वाचा इंग्रजी कायदाच चालतो. आपल्याकडे २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुसलमानांनाही बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल असा निर्णय दिला, त्यावर आपण किती भांडलो ते आठवा. एवढ्या नाजूक प्रश्नाचा निकाल तिकडे टाळ्यांच्या गजरात, दोन जाहिरातींच्या मधे लागला. आमचे अब्बा तो व्हिडिओ अर्ध्यावर बंद करून म्हणाले, ‘इस बच्ची से किसीने पूछा?’

पुढच्या वर्षी जिओवर आमिर लियाकत यांचा नवा कार्यक्रम आला. नाव ‘इनाम घर’. नीलाम घरची आठवण करून देण्यासाठीच ते ठेवलं असावं. लिलाव गेला, इनाम राहिलं. जानेवारी २०१७ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरच्या त्यांच्या कार्यक्रमावर नियामक संस्थेने द्वेष पसरवल्याबद्दल बंदी घातली. २०१८ मध्ये ते पुन्हा असेंब्लीवर गेले. या वेळी पक्ष इम्रान खान यांचा. ज्यांना नीलाम घरवाल्याने हरवलं होतं, त्यांनी इनाम घरवाल्याला सोबत घेतलं. ९ जून २०२२ रोजी कराचीत आमिर लियाकत वारले. पन्नासच वर्षांचे होते.

अब्बा आता निवृत्त आहेत. डोळे कमजोर झालेत, टीव्ही फारसा लावत नाहीत. मी मोबाइलवर नीलाम घरचा एखादा जुना भाग लावून देतो तेव्हा चित्राकडे न पाहता ऐकतात. बैतबाजी आली की अजूनही शेर आधी पूर्ण करतात. टाकून दिलेल्या ज्या मुली त्या रमजानमध्ये मंचावर दिल्या गेल्या, त्या आता बाराएक वर्षांच्या असतील. शाळेत जात असतील. आपल्याला कुठून आणि कसं आणलं हे त्यांना कुणी ना कुणी मोबाइलवर दाखवलंच असेल, किंवा दाखवेल.